ईस्टरला ट्युनिस: तीन रात्री, सोबत आईबाबा

नमस्कार मंडळी,

ईस्टरच्या लाँग वीकएंडला ट्युनिशियाच्या राजधानीला, ट्युनिसला जायचं ठरतंय, शुक्रवारी दुपारी पोचायचं आणि सोमवारी परत फ्रँकफर्ट. आईबाबा सध्या इथे आलेत, दोघं सत्तरीच्या पुढचे पण हिंडायची हौस दांडगी. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून गेला ती गोष्ट अजून रंगवून सांगतात, त्यामुळे त्याचं ते जुनं शहर कार्थेज बघायचंच. आईचे गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही. माझ्या डोक्यात एक दिवस ट्युनिस, एक दिवस कार्थेज, एक दिवस एल जेमचं रोमन अॅम्फिथिएटर आणि जमलं तर वाळवंटाची झलक असं आहे. कुणी जाऊन आलंय का?

*

अगं जरूर जा, पण एल जेम आणि वाळवंट दोन्ही काढून टाक. एल जेम दोनशे किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस गाडीत, आणि सहारा त्याच्याही कितीतरी पुढे. नवऱ्याचं काम तिकडे असायचं तेव्हा माझं येणंजाणं व्हायचं, म्हणून अगदी मनापासून सांगते, ट्युनिस हे घाईने उरकायचं गाव नाही. तीन रात्री त्या एका शहराला द्या.

वार नीट बघून ठरवा. मदिनातली बरीचशी दुकानं रविवारी बंद असतात आणि बार्दो म्युझियम सोमवारी बंद, म्हणून शनिवारी मदिना आणि बार्दो, रविवारी कार्थेज आणि त्याच्या जवळचं सिदी बू सईद हे गाव.

मदिना म्हणजे जुनं शहर, युनेस्कोच्या यादीत १९७९ पासून. सगळे बाब अल बहरच्या कमानीपासून आत शिरतात आणि चढ चढत जातात, तुम्ही उलटं करा. टॅक्सीने वर कसबाच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या चौकात उतरा आणि तिथून खाली चालत या, आईंच्या गुडघ्यांना खूप फरक पडेल. वाटेत लाल लोकरी टोप्यांचा, म्हणजे शेशियांचा बाजार लागतो, कारागीर दुकानातच टोपी घासून पुसून तयार करताना दिसतात, तिथे थोडा वेळ बसाच. मग झैतूना मशीद. आत्ताची इमारत नवव्या शतकातली आणि तिचे कितीतरी खांब कार्थेजच्या पडक्या इमारतींमधून आणलेले, बाबांना हे सांग, त्यांना फार आवडेल. मुसलमान नसलेल्यांना फक्त अंगणापर्यंत जाता येतं आणि तेही सकाळीच, त्यामुळे नाश्ता आटोपून लगेच निघा. मशिदीला लागूनच अत्तरांचा बाजार आहे.

बार्दोला दुपारी जा. बे म्हणजे इथले पूर्वीचे राज्यकर्ते, त्यांच्या जुन्या राजवाड्यातच म्युझियम आहे, आणि रोमन मोझेकं इतकी की भिंती कमी पडल्यात. सूसला सापडलेलं व्हर्जिलचं मोझेक चुकवू नका, कवी मध्ये बसलाय, मांडीवर कागदाची गुंडाळी आणि दोन बाजूंना दोन काव्यदेवता. २०१५ साली इथे दहशतवादी हल्ला झाला, बरेच परदेशी पर्यटक गेले, त्यांचं स्मारकही तिथेच आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.

आता कार्थेज. बाबांना आधीच कल्पना दे की हॅनिबलचं शहर रोमनांनी इसवी सनपूर्व १४६ मध्ये जमीनदोस्त केलं, आज दिसतं ते बहुतेक नंतरचं रोमन. हॅनिबलच्या काळाजवळचं बघायचं तर बिर्सा टेकडीवरची घरांची जोती आणि खाली समुद्राकाठची ती दोन जुनी बंदरं. त्यातलं गोल बंदर लढाऊ जहाजांचं, त्यात २२० जहाजं मावायची असं अॅपियन या प्राचीन इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आज बघायला गेलं तर तळं वाटतं. पण त्या काठावर उभं राहून बाबांनी गोष्ट सांगायला हवी.

अँटोनिनची स्नानगृहं अगदी समुद्राला लागून. जे दिसतं ते तळघर आहे, वरचे मजले गेले, एक खांब परत उभा केलाय त्यावरून इमारत केवढी असेल त्याचा अंदाज येतो. पाणी झागुआनच्या डोंगरातून शंभरावर किलोमीटरच्या पाटाने यायचं. शेजारीच राष्ट्राध्यक्षांचा महाल आहे, त्या बाजूला कॅमेरा अजिबात वळवू नका, पोलीस लगेच येतात. सगळ्या ठिकाणांना मिळून एकच तिकीट असतं, पण जागा लांब लांब पसरल्यात, म्हणून टीजीएम लोकल नको, टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवा आणि भाडं आधीच पक्कं करा.

*

एक महत्त्वाचं, तिकिटं काढायच्या आधी आईबाबांच्या शेंगेन व्हिसावर बघा, 'मल्टीपल' आहे ना? ट्युनिशिया शेंगेनमध्ये नाही. सिंगल एंट्री असेल तर ते बाहेर पडले की जर्मनीत परत येता येणार नाही, ही फार गंभीर गोष्ट आहे. आणि भारतीय पासपोर्टवर ट्युनिशियात शिरायला काय लागेल ते बर्लिनच्या ट्युनिशियन वकिलातीकडून ईमेलवर लेखी मागवा, फोनवरच्या उत्तरावर जाऊ नका. दिनार इथून नेता येत नाही आणि उरलेला परत आणताही येत नाही, तेव्हा विमानतळावर थोडे युरो बदलून घ्या आणि पावती जपून ठेवा, उरलेले दिनार परत बदलताना ती मागतात.

*

खूप आभार! व्हिसा पाहिला, दोघांचाही मल्टीपल आहे, वकिलातीला आजच लिहिते. एल जेम रद्द. आईच्या जेवणाचं काय?

*

उपाशी नाही राहायच्या, पण प्रत्येक वेळी विचारावं लागेल, कारण ट्यूना आणि अंडं ते लोक सॅलडवरसुद्धा घालतात. ऑर्डर देताना फ्रेंचमध्ये सांगा, 'सां तों, सां झ' म्हणजे ट्यूना नको, अंडं नको. लब्लाबी मागवा, काबुली चण्याचं गरम पातळ कालवण, खाली शिळ्या पावाचे तुकडे, वर जिरं आणि हरिसा. हरिसा म्हणजे आपल्या लाल मिरचीच्या ठेच्यासारखाच, आईंना आवडेल. भाज्यांचा कुसकुस मात्र बहुतेक वेळा मटणाच्या रश्श्यावर शिजवतात, तो विचारल्याशिवाय नको. गोडात खजूर भरलेले मकरूद.

रविवारी संध्याकाळी सिदी बू सईदला बांबालूनी घ्या, गरम तळलेली साखर लावलेली कडी, वर पुदिन्याचा चहा, त्यात चिलगोजे तरंगत असतात. ते पांढरं निळं गाव तसंच टिकलं यात तिथे राहिलेल्या बॅरन देर्लांजे या चित्रकाराचा मोठा हात. त्याचा वाडा आता अरबी संगीताचं केंद्र आहे, जुनी वाद्यं मांडलीत. आईंना गाणं आवडतं का? मग वाडा उघडा असण्याच्या वेळा आधी बघून ठेव आणि उजेड असतानाच जा, तिथला दगडी रस्ता उताराचा आणि गुळगुळीत आहे, आईंना चांगली पकड असलेले बूट घालायला सांग.