लहान हाताला बसेल असा रायफलचा स्टॉक कुठे मिळेल?

कुडाळची_नेमबाज

मी कुडाळची. वय ३९, उंची ४ फूट १० इंच, बांगडी दोन-दोनची. बांगडीचं माप मुद्दाम सांगितलं, कारण त्यावरून हाताचा अंदाज लगेच येतो. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात साडेपंधरा सेंटीमीटर भरतो.

नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० केले, तेव्हा मी बारावीत होते. आपल्या पनवेलची बाई हे करते, हे डोक्यात पक्कं बसलं. प्रत्यक्ष रायफल हातात यायला मात्र मुलगी दहावीला जावी लागली. मागच्या वर्षी एका खेळाडूकडून वापरलेली १० मीटरची एअर रायफल घेतली. स्टॉक, म्हणजे दस्ता, अ‍ॅल्युमिनियमचा आहे, ग्रिप, म्हणजे उजव्या मुठीत धरायचा भाग, अक्रोडाच्या लाकडाची आणि वेगळी बोल्टने बसवलेली. आधीचा मालक सहा फुटी होता.

अडचण अशी. अंगठा आणि तर्जनीमधला बेचका ग्रिपला मागून नीट टेकवला, की ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक पोचतं. पहिलं पेर टेकवायला जावं तर अख्खा तळहात उजवीकडे सरकतो, मनगट वाकतं आणि बोट लाकडाला घासत मागे येतं. दहा हुकून नऊ गुण मिळतात ते माझे शॉट बघितले तर वर किंवा खाली फारसे नसतातच, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे उजवी-डावीकडे असतात. साठ शॉटची मॅच खेळले की शेवटच्या वीसला अंगठ्याचा सांधा ठणकायला लागतो.

एका शिबिरात मला सांगितलं गेलं, "हात फार लहान आहेत, रायफलचा नाद सोडा, पिस्तूल घ्या." त्या रात्री कुडाळपर्यंतच्या गाडीत मी एक शब्द बोलले नाही. मला रायफलच मारायची आहे. बाहेरून नवा स्टॉक मागवणं परवडणार नाही. ज्युनिअर मुलांचा स्टॉक मोठ्या माणसाने वापरला तर चालतो का? कुणी लहान हातासाठी काही करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

दहा_मीटर (रत्नागिरी)

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. पिस्तुलाची ग्रिपही हाताच्या मापाचीच लागते, त्यामुळे तो सल्ला मुळातच चुकीचा होता.

ज्युनिअर स्टॉक वापरायला नियमाची आडकाठी नाही. पण तुमचं दुखणं स्टॉकचं नाही, ग्रिप आणि ट्रिगरमधल्या अंतराचं आहे. मोठ्या जर्मन कंपन्या ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत देतात. वापरलेल्या रायफलीवर बहुतेक वेळा आधीच्या माणसाच्या मापाची बसवलेली असते. तुमचंही तेच झालंय.

एक पैसा खर्च करण्याआधी हे करून बघा. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा. ट्रिगरचं पातं ज्या पट्टीवर बसतं, तिथला छोटा स्क्रू सैल केला की पातं पुढेमागे सरकतं. ते पूर्ण मागे घ्या. मग अंगठा ग्रिपला वळसा घालून डावीकडे नेता का, ते बघा. नेत असाल तर नका नेऊ, उजव्याच बाजूला सरळ ठेवा. वळशात बोटाची बरीच लांबी वाया जाते. पेर पात्यावर सपाट बसलं पाहिजे, बोट सरळ मागे आलं पाहिजे आणि बोट व लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट हवी.

एवढं करून कमी पडलं तरच लाकडाला हात लावायचा. इथे बहुतेकांची चूक होते. ग्रिप जाड वाटते म्हणून लोक बाजूने तासत सुटतात. बोट पोचत नाही ते बेचक्याखालच्या, मागच्या लाकडामुळे. तिथलं पाच-सहा मिलिमीटर गेलं तरी हात पुढे येतो. तळहाताच्या पोकळीत भरणारा फुगवटा त्यानंतर, तोही थोडा थोडा.

बट प्लेट, म्हणजे स्टॉकची खांद्याला टेकणारी पट्टीही आत घ्या, पण माप नेमबाजीचं जॅकेट घालून घ्या, कारण जॅकेटची जाडी खांद्यात धरावी लागते. बट आखूड केलात की डोळा मागच्या साइटच्या, म्हणजे ज्यातून नेम धरतो त्या भोकाच्या, जवळ येतो, म्हणून साइट पट्टीवर तेवढीच पुढे सरकवा. रायफलला खालून आधार देणारा डावा हात पसरून धरत असाल तर मूठ करून बघा. लहान हाताला मुठीने उंची मिळते आणि कोपर कमरेच्या हाडावर टेकतं. तरीही मान खाली जात असेल तर हँड रेस्ट, म्हणजे डाव्या हातावर टेकणारा ठोकळा, उंच करा.

आडिवरेकर

मी नेमबाज नाही. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, वानरांसाठी. ते बुटके होते, म्हणून गावच्या सुताराने दस्ता मागून दोन बोटं कापून दिला होता. तुमचा प्रश्न वाचून ते आठवलं. ग्रिप हातात घट्ट बसत नसेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटवरची पट्टी गुंडाळली तर?

दहा_मीटर (रत्नागिरी)

दादा, सरावापुरतीसुद्धा ती सवय नको. पकड वाढवणारं कुठलंही साहित्य ग्रिपवर, पुढच्या भागावर किंवा स्टॉकच्या खालच्या बाजूला लावायला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत मनाई आहे. साधनांच्या तपासणीत रायफल परत पाठवतील. शिवाय पट्टीने ग्रिप आणखी जाड होणार. जिथे भर घालायची असेल तिथे एम-सील लावून, वाळल्यावर कानशीने आकार द्यावा. आणि सगळं धरून रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये.

पटाशी

ताई, मी सावंतवाडीकडचो सुतार. बंदुकीतला माका काय कळना नाय, लाकडाचा तेवढा सांगतंय.

ती अक्रोडाची ग्रिप कापू नका. एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही, आणि बोल्टचं भोक, स्टॉकला टेकणारी बाजू यांचा नमुना म्हणून ती जशीच्या तशी लागेल. नवी करून घ्या. लाकूड शिवणीचं घ्या. हलकं असतं, कोरायला बरं, आणि आपल्या पावसात इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतं. पांगारा आमच्या खेळण्यांना चालतो, पण इथे नको, तो मऊ. बोल्ट आवळला की दबेल.

आकार काढायला गणपतीच्या शाळेतून, मूर्ती करतात तिथून, शाडूचा गोळा आणा. ओला असताना तुमचा हात दाबा, सावलीत सुकू द्या. सुकताना माती थोडी आकसते, तेवढं धरून चाला. तो गोळा हातात दिलात तर कुठलाही हाताचा सुतार ग्रिप काढील. मापं कागदावर लिहून आणलीत तर नाही जमणार.

वरून लाख नको. खेळण्यांवर चकाकते ती छान दिसते, पण घाम आला की सटकते. जवसाचं तेल कापडाने पातळ चोळायचं, पूर्ण सुकलं की पुन्हा. चार-पाच हात द्या. बोल्टच्या भोकात आतूनसुद्धा द्या, पाणी तिथूनच शिरतं.

कुडाळची_नेमबाज

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ट्रिगरचं पातं जवळजवळ एक सेंटीमीटर मागे आलं! वर्षभर तो स्क्रू माझ्या डोळ्यांसमोर होता आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. अंगठा उजवीकडे ठेवायला पहिले चार दिवस फार चुकल्यासारखं वाटलं, रायफल हातातून निसटेल अशी भीती वाटायची. आता सवय झाली. बट प्लेट दीड सेंटीमीटर आत घेतली, साइट पुढे नेली, झिरो पुन्हा केला, म्हणजे साइट नेमाशी परत जुळवून घेतली.

नऊ अजून येतात, पण आडवी पसरण कमी झाली आहे. सांधा पन्नासाव्या शॉटपर्यंत गप्प राहतो. बोट अजून लाकडाला किंचित लागतं, पोस्टकार्ड अडतं. म्हणजे मागचं लाकूड कमी करावंच लागणार.

शाडूचे दोन गोळे केले. पहिला फुकट गेला, कारण मी हात घट्ट आवळून दाबला होता. मॅचमध्ये मी इतकं आवळत नाही. दुसऱ्या वेळी जॅकेट घालून, पोझिशनमध्ये उभी राहून, मुलीला गोळा हाताखाली धरायला लावला. त्यात तिन्ही बोटांच्या खाचा स्वच्छ उमटल्या आहेत. अक्रोडाच्या ग्रिपशेजारी ठेवला तर बेचक्याखाली करंगळीच्या जाडीएवढा फरक दिसतो.

पटाशी दादा, शनिवारी बँकेला सुट्टी आहे. शिवणीचा सुकलेला तुकडा काकांच्या माळ्यावर सापडलाय, हाताएवढा लांब, चार बोटं जाड, गाठ नाही. गोळा, जुनी ग्रिप आणि तो घेऊन सकाळच्या एसटीने सावंतवाडीला येते. बोल्ट लागेल का सोबत?