जमैकाबाहेरच्या जमैकनांनी पैसा फक्त घरी पाठवावा की गावासाठीही एकत्र करावा?

टोरांटोकर (धागाकर्ती)
माझ्या वॉर्डातल्या बऱ्याच नर्सेस जमैकाच्या. नोव्हेंबर लागला की त्यांच्या गॅरेजमध्ये कमरेएवढं पिंप उभं राहतं. तांदूळ, तेल, डबाबंद मासे, कपड्यांचा साबण, टूथपेस्ट आणि फटींत कोंबलेले मोजे. शाळेचे बूट घेताना फोनमधला फोटो निघतो: आजीने नातवाचं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली असते. नाताळाच्या आत ते पिंप जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला पोचायला हवं.

साधारण 28 लाख वस्तीच्या या देशात बाहेरून वर्षाला तीन अब्ज डॉलरहून जास्त पैसा येतो. बहुतेक सगळा घरोघरी जातो. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा वादळ आलं आणि ब्लॅक रिव्हर गावाची, तिथल्या रुग्णालयाची दैना झाली. घरचं घरी पाठवाच, पण त्यातला छोटा वाटा गावाच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी एकत्र व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आकडेमोड
साफ असहमत. ताशी जवळपास 300 किलोमीटरचा वारा होता तो. त्याचा भार नर्सबाईंच्या पगारावर का? 2020 मध्ये पर्यटन ठप्प झालं, हॉटेलं रिकामी पडली, तेव्हा घरी येणारा पैसा उलट वाढला. आजीचं रक्तदाबाचं औषध आणि नातवाची फी भागली, हा विकास नाही तर काय?

आणि एकदा 'देशासाठी वाटा' म्हटलं की सरकारं हात पुढे करतात. शेजारच्या हैतीत 2011 पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेमागे दीड डॉलर कापायला लागले, मुलांच्या मोफत शिक्षणासाठी म्हणून. त्या पैशाच्या हिशेबावरून लोक किती वर्षं ओरडताहेत! आता 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकाही रोखीने पाठवलेल्या पैशावर एक टक्का घेते. गरिबाच्या पाकिटाला अजून किती भोकं पाडायची?

टोरांटोकर
@आकडेमोड, मी कर म्हटलेलंच नाही, मी स्वखुशीचं बोलतेय. जमैकन शाळांच्या माजी विद्यार्थी संघांच्या शाखा न्यूयॉर्क, फ्लोरिडा, टोरांटोत आहेत. जेवणाची तिकिटं विकून ते शाळेला पैसे पाठवतात.

चाकरमानी
ताई, तिथेच गोची आहे. नावाजलेल्या शाळांचे माजी विद्यार्थी परदेशात चांगले स्थिरावतात, म्हणून त्याच शाळांना प्रयोगशाळा मिळते. डोंगरातल्या शाळेतून कोणी टोरांटोला गेलंच नसेल तर तिला कोण वाली?

आमच्या कोकणात हे पिढ्यान् पिढ्या चाललंय. मुंबई मंडळाने वर्गणी काढायची, सभामंडप बांधायचा, कमानीवर नावं कोरायची. गावात राहणाऱ्याला काय हवं ते विचारायचं राहून जातं. पैसा एकत्र करा, पण खर्चाचा निर्णय तिथे राहणाऱ्यांच्या हातात द्या.

बाजारपेठ
वर्गणीने देश उभा राहत नाही. सरकारने अनिवासींसाठी रोखे काढावेत. 1998 मध्ये अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेने 'रिसर्जंट इंडिया' रोख्यांतून अनिवासी भारतीयांकडून चार अब्ज डॉलरहून जास्त उभे केले.

आकडेमोड
ते लोक चांगल्या व्याजासाठी आले होते हो. जमैकाने 2010 आणि 2013 मध्ये देशांतर्गत रोखेधारकांना कमी व्याज आणि लांबलेली मुदत घ्यायला लावली. ज्यांच्या आईवडिलांची पुंजी त्यात अडकली, ते पुन्हा रोखे घेतील?

बाजारपेठ
घेतील, कारण त्यानंतर त्या देशाने फार कष्टाने घडी बसवली. 2013 च्या सुमारास कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास दीडपट होतं, ते निम्म्यावर आणलं. कॅरिबियनमध्ये अशी शिस्त दुर्मीळ. तिला दाद मिळालीच पाहिजे.

नाशिकची परिचारिका
मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. त्या नर्सेसचं शिक्षण जमैकाच्या पैशातून झालं. त्या गेल्यावर तिथल्या रुग्णालयांत अनुभवी नर्स मिळेना, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. फायदा कोणाचा? कॅनडाचा, ब्रिटनचा, अमेरिकेचा. मग भरपाई घाम गाळणाऱ्या बाईकडून का मागता? एक नर्स नेली तर दोघींच्या प्रशिक्षणाचा खर्च द्या, असा करार नेणाऱ्या देशांशी करा. मुलाला आजीकडे सोडून ती आधीच पुष्कळ किंमत मोजतेय. अशा मुलांना तिथे 'बॅरल चिल्ड्रन', म्हणजे पिंपावर वाढणारी मुलं, म्हणतात.

टोरांटोकर
@नाशिकची परिचारिका, कराराचं शंभर टक्के पटलं. पण तो होईपर्यंत ब्लॅक रिव्हरचे पेशंट थांबणार नाहीत. माझ्या मैत्रिणींना तिथे नव्या नर्सेसना शिकवायला जायचंय, त्यांना रजा आणि तिथली तात्पुरती नोंदणी हवी.

शिवाय ज्यांच्याकडे पैसा मागायचा त्यांना मत तरी द्या! परदेशातल्या जमैकनाला तिथून मतदान करता येत नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकाने 2004 पासून तो हक्क दिलाय, आणि 2012 पासून परदेशस्थांचे खासदारही निवडून जातात.

आकडेमोड
मताला माझा विरोध आहे. बाहेर जवळपास देशाइतकेच जमैकन आहेत. पाणीपट्टी किती असावी हे मायामीत बसलेल्यांनी ठरवायचं? शिकवायला जायचं मात्र जरूर जमवा, त्याला कोणाचीच हरकत नसावी.

चाकरमानी
डोमिनिकनमध्ये परदेशस्थांसाठी मोजक्याच जागा राखून ठेवल्यात. तेवढं जमैकालाही परवडेल.