नामांकित, लघुकथा, स्पेक्युलेटिव्ह : बैठकीच्या सूचनेतले तीन शब्द

रत्नागिरी :
आपल्या लिहिणाऱ्या मंडळींची पुढची बैठक गणपती झाल्यावर रत्नागिरीत आहे. सूचनेचा मसुदा असा आलाय : 'ह्यूगो व नेब्युला पुरस्कारांसाठी नामांकित स्पेक्युलेटिव्ह लघुकथांवर चर्चा'. (हे दोन्ही विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचे मोठे पुरस्कार, आणि अशा सगळ्या कथांना मिळून इंग्रजीत 'स्पेक्युलेटिव्ह' म्हणतात.) वाचणाऱ्याला अर्थ कळेल, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या कथांवर आपण दिवसभर बोलणार, त्यांना काय म्हणायचं हे लेखकांनी तरी विचार करून ठरवावं, म्हणून हा धागा काढतो.

सुरुवात 'नामांकित'पासून. मराठीत नामांकित म्हणजे नावाजलेला. नामांकित वकील, नामांकित पेढी, नामांकित घराणं. ज्याचं नाव झालंय तो. 'नामांकित कथा' म्हटलं की मला ती प्रसिद्ध कथा वाटते. यादीत आलेल्या कथेचं नाव पुष्कळदा अजून व्हायचं असतं, ती नवख्या लेखकाचीही असते. एका शब्दावर दोन अर्थ लादले तर जुना, नेमका अर्थ आधी मरतो, आणि हा अर्थ मला गमवायचा नाही.

कुडाळ :
दादा, पटतंय, पण उशीर झालाय. सिनेमाच्या पुरस्कारांच्या बातम्यांत 'नामांकन मिळालं' हे वर्षानुवर्षं छापून येतंय. हिंदीतून आलं असेल, पण आता ते मराठीच झालं. 'नामांकन' चालतं आणि 'नामांकित' चालत नाही, असं कसं?

रत्नागिरी :
चालतं, कारण 'नामांकन' हे नाम मराठीत आधी फारसं कामात नव्हतं. रिकाम्या जागेवर ते येऊन बसलं, कोणाला उठवून नाही. 'नामांकित'ची जागा भरलेली आहे. म्हणून 'कथेला नामांकन मिळालं' मी खुशाल लिहीन, 'नामांकित कथा' लिहिणार नाही.

एक उदाहरण देतो, त्यात दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. पाठवणाऱ्याचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती जयंत विष्णू नारळीकरांची होती. आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी हे नाव घेतलं होतं. परीक्षकांनी नाव पाहून निकाल देऊ नये, एवढ्यासाठी. 1965 सालीच पद्मभूषण मिळालेला तो नामांकित शास्त्रज्ञ होता, आणि त्याने मुद्दाम बिननावाच्या माणसासारखी कथा पाठवली. या प्रसंगाबद्दल लिहिताना कोणी 'नामांकित लेखकाची नामांकित कथा' असं लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

चिपळूण :
निवडणुकीच्या कामात आमचा शब्द 'नामनिर्देशन'. नामनिर्देशनपत्र, त्यावर उमेदवाराची सही, सूचकाची सही. सरळ अर्थ आहे : नाव सुचवणं. 'नामनिर्देशित कथा' म्हणा की.

रत्नागिरी :
ताई, अर्थाने तुमचा शब्द सगळ्यांत शुद्ध आहे आणि ह्यूगोच्या रीतीशी जुळतोही. ह्यूगो 1953पासून दिला जातो. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद आधी नावं सुचवतात, एका विभागात प्रत्येकी पाचपर्यंत. सर्वांत जास्त पाठिंबा मिळालेल्या सहा कथा अंतिम मतपत्रिकेवर येतात. मग पसंतीक्रमाने मतदान. त्या मतपत्रिकेवर 'कोणालाच पुरस्कार नको' हाही पर्याय असतो आणि त्यालाही क्रमांक देता येतो. म्हणजे सूचक आहेत, छाननी आहे, मतदान आहे, सगळं तुमच्या ओळखीचं.

पण अडचणही तिथेच आहे. एका सभासदाने जरी नाव सुचवलं तरी कथा 'नामनिर्देशित' झाली. आपण ज्या वाचणार त्या तेवढ्याच नाहीत, त्या अंतिम मतपत्रिकेवर आलेल्या आहेत. आपण नेमका टप्पा सांगायला हवा. नेब्युलाचंही तसंच. 1966 साली पहिल्यांदा दिला गेला, तिथे मत देणारे स्वतः लेखक असतात, आणि तिथेही शेवटी एक छोटी यादी राहते. माझ्या मते 'अंतिम यादीतल्या कथा'. शब्द दोन लागतात, पण समजावून सांगायला काही उरत नाही. आपल्याकडच्या पुरस्कारांना लेखक किंवा प्रकाशक पुस्तकं पाठवतात, तिथे 'प्रवेशिका' हा चांगला शब्द आहेच. तो इथे मात्र लागू नाही.

कुडाळ :
'अंतिम यादीतल्या' मान्य.

दापोली :
'लघुकथा'चं काय? माझ्या मुलीच्या पिढीला लघुकथा म्हणजे अर्ध्या पानाची गोष्ट वाटते. अलक, म्हणजे अति लघु कथा, तर त्याहून छोटी.

रत्नागिरी :
यात फार अडकायला नको. मराठीत एके काळी सगळ्याच कथांना लघुकथा म्हणत. नवकथेच्या काळानंतर नुसतं 'कथा' रुळलं, तेच ठेवू. या पुरस्कारांत विभाग शब्दसंख्येवर पडतात : 7,500 शब्दांच्या आतली ती कथा, तिथून 17,500पर्यंत दीर्घकथा, आणि तिथून 40,000पर्यंत लघुकादंबरी. तिन्हींना आपल्याकडे शब्द तयार आहेत. अनुवाद करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. आपले विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तीच कथा मराठीत आली की शब्दसंख्या उतरते. मराठी मजकुराचे शब्द मोजून विभाग ठरवू नका.

आता खरा प्रश्न, 'स्पेक्युलेटिव्ह'.

अलिबाग :
सट्टा! शेअरबाजारात मी स्पेक्युलेशनला दुसरं काही ऐकलं नाही. ते इथे चालणार नाही हे कळतं. 'विज्ञानकथा' म्हणून मोकळं का होऊ नये?

रत्नागिरी :
यादीतल्या निम्म्या कथांत विज्ञान नसतं म्हणून. ज्यांच्या नावाने ह्यूगो दिला जातो त्या ह्यूगो गर्न्सबॅकनी 1926 साली विज्ञानकथांचं मासिक काढलं तेव्हा विज्ञान मध्यभागी होतं. 1947 साली अमेरिकन विज्ञानकथालेखक हाइनलाइनने 'स्पेक्युलेटिव्ह' हा शब्द वापरून लेख लिहिला, तोही विज्ञानाच्या बाजूनेच. पुढे तो शब्द पसरत गेला. आज त्या छत्रीखाली विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा, 'इतिहास वेगळा घडला असता तर' अशी कथा, सगळं येतं. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद 1966 साली सुरू झाली, तिने 'विज्ञान रंजन कथा' हा शब्द रुजवला. त्या शब्दाबद्दल मला फार आदर आहे. विज्ञान आणि रंजन, दोन्ही कबूल केलेली आहेत. म्हणूनच तो ताणून भुताखेतांच्या कथेवर घालू नये.

आपण जी वाचणार आहोत तीच कथा घ्या. हाओ जिंगफांग या चिनी लेखिकेची, केन लिऊंनी इंग्रजीत आणलेली, 2016 सालचा ह्यूगो मिळालेली दीर्घकथा, 'फोल्डिंग बीजिंग'. (मसुद्यातला 'लघुकथा' इथेही बसत नाही.) बीजिंग शहर घडी घालून तीन थरांत विभागलंय. वरच्या थरातल्या 50 लाख माणसांना पूर्ण 24 तास मिळतात. मग जमीन उलटते. दुसऱ्या थरातल्या अडीच कोटींना सकाळी 6 ते रात्री 10, आणि तळातल्या 5 कोटींना रात्री 10 ते पहाटे 6. एक थर जागा असताना बाकीचे झोपवलेले असतात. शहर कोणत्या यंत्राने उलटतं यावर लेखिका फार वेळ घालवत नाही. तिला विचारायचंय ते हे, की जागेसारखी वेळेचीही वाटणी झाली तर काय होईल. ही नुसती विज्ञानकथा म्हणावी का? मला नाही वाटत.

वेंगुर्ले :
मी या कथेचं पहिलं पान मराठीत करून पाहिलं. नावासाठी 'दुमडलेलं', 'दुमडतं' असं करत होते. मग 'घडीचं बीजिंग' सुचलं. घडीची खुर्ची, घडीचा पलंग म्हणतो तसं. कसं वाटतं?

रत्नागिरी :
ताई, फार सुंदर. कागद दुमडला की वळ उरतो, घडी मात्र पुन्हा उलगडायची म्हणूनच घालतात. आणि घडी म्हणजे वेळसुद्धा : घडीभर थांब, आनंदाची घडी. एक घटका म्हणजे 24 मिनिटं. त्या कथेत जमिनीची घडी आणि माणसाच्या वाट्याची घडी एकच आहे. मराठीने ते एका शब्दात दिलं. हाच शब्द ठेवा, कोणी बदलायला सांगितलं तरी बदलू नका.

दापोली :
मग सगळ्यांना मिळून 'अद्भुतकथा' म्हणू. अद्भुत हा रस आहे, विस्मय त्याचा स्थायीभाव. जुना शब्द, सगळ्यांना कळणारा.

रत्नागिरी :
विस्मय हा वाचकाला होणारा परिणाम झाला. तळातल्या माणसाला दिवसाचं ऊन दिसत नाही हे वाचताना मला विस्मय कमी झाला, राग जास्त आला. भयकथेचा रस तर भयानक. 'कल्पित' म्हणावं तर सगळ्याच कथा कल्पित. 'कल्पनारम्य' म्हटलं की रम्य असण्याची अट येते.

माझा शब्द मांडतो : 'जर-तरकथा'. या सगळ्या कथांत लेखक करतो काय? एक 'जर' ठेवतो आणि त्याच्या 'तर'मागे प्रामाणिकपणे शेवटपर्यंत जातो.

अलिबाग :
पण 'जर-तर' आपण झिडकारायलाच वापरतो ना? 'जर-तरला काही अर्थ नसतो.' आणि आमची आजी लगेच म्हणायची, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.

रत्नागिरी :
ती म्हण मला या शब्दाच्या बाजूची साक्ष वाटते. म्हण झिडकारते, पण झिडकारण्यासाठी आधी मिशावाली आत्या डोळ्यांपुढे उभी करते आणि तिला नवं नातंही देते. 'जर' आला, त्यातून 'तर' निघाला. आपल्या बोलण्यात ही रीत इतकी मुरलेली आहे. व्यवहारात जर-तर निरुपयोगी म्हणतात ते ठीक. कथेत ते काम आहे.

शाळेतलं व्याकरण आठवा. क्रियापदाचे चार अर्थ : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. संकेतार्थ म्हणजे हाच जर-तर. 'संकेतार्थी कथा' असंही मनात आलं होतं, पण संकेत म्हटल्यावर लोकांना खूण किंवा संकेतस्थळ आठवतं, म्हणून सोडलं. त्या संकेतार्थात मराठी एक बारीक भेद करते. 'पाऊस पडला तर' आणि 'पाऊस पडला असता तर'. पहिल्यात दार उघडं आहे, दुसऱ्यात ते बंद झाल्यावर आपण बोलतोय. विज्ञानकथा बहुतेक पहिल्या वाक्यातून निघते. इतिहास फिरवणारी कथा दुसऱ्यातून. 14 जानेवारी 1761ला पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली असती तर, यावर नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' उभी आहे. एका 'असता'ने कथेची जात बदलते. माझ्या माहितीत दुसरा कोणताही सुचवलेला शब्द या दोन्हींना इतक्या सहज कवेत घेत नाही.

मालवण :
भाऊनू, माका एक सांगा. गावपळणीवर मी कथा लिवलंय. एका संपादकान ती 'अद्भुत' म्हणान छापल्यान. त्येत अद्भुत काय असा? आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी रामेश्वराचो कौल, म्हंजे देवाची परवानगी, घेवन गाव खराच भायर पडता. माणसा, गुरा, कोंबडी, कुत्री, सगळी. तीन दिस, तीन राती वेशीभायर ऱ्हवतत, परत कौल घेवन येतत. मी एक अक्षर रचूक नाय. मग ती जर-तरकथा की कसली?

रत्नागिरी :
तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा. त्या संपादकांनी कथा स्वतःच्या अविश्वासाने मोजली. कौल, अवसर (अंगात देव येणं), राखणदार (जागेची राखण करणारा देव) हे तुमच्या पात्रांच्या रोजच्या व्यवहारातले आहेत. काजूच्या बागेत कामाला हात घालण्याआधी राखणदाराला नारळ ठेवणारा माणूस मनात 'जर' धरत नाही, तो शेजाऱ्याला हाक मारावी तसा वागतो. तिथे लेखकाने 'जर' ठेवलेलाच नाही, म्हणून ती जर-तरकथा नव्हे. ती सरळ गावाची कथा आहे.

पण त्याच गावपळणीत एक म्हातारी घरातच मागे राहिली आणि पहिल्या रात्री रिकाम्या वाडीत तिला जात्याची घरघर ऐकू आली, असं तुम्ही रचलं, तर तो तुमचा 'जर'. मग जर-तरकथा. गावाबाहेरच्याला काय खरं वाटतं त्यावर हे ठरू नये. कातळशिल्पांवर लिहिणाऱ्यांनाही हेच सांगेन. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, कोरलेला तो प्रचंड हत्ती आहेच. तो कोरणाऱ्यांचा शोध घेणारी कथा आणि तो एका पावसात उठून चालू लागला असं मांडणारी कथा, या दोन वेगळ्या.

मालवण :
म्हातारी मागे ऱ्हवता ही चांगली सुचना. लिवतंय.

चिपळूण :
मग सूचना अशी जाईल? 'ह्यूगो व नेब्युला पुरस्कारांच्या अंतिम यादीतल्या जर-तरकथांवर चर्चा. कथा व दीर्घकथा. येताना घडीचं बीजिंग वाचून यावं.'

रत्नागिरी :
अशीच जाऊ दे. पहिल्यांदा छापताय तेव्हा जर-तरकथेपुढे एक ओळ घाला, 'विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा यांसह', म्हणजे नवीन येणाऱ्यांचा गोंधळ होणार नाही.

वेंगुर्ले :
लेखन कसं करायचं? जरतरकथा, जर-तर कथा, की जर-तरकथा?

रत्नागिरी :
जर आणि तर यांच्यामध्ये संयोगचिन्ह, 'कथा' मात्र जोडून. जर-तरकथा, जर-तरकथेत, जर-तरकथांमध्ये. 'जर-तर कथा' असं तोडलं तर प्रत्यय लावताना 'जर-तर' मागे एकटं पडतं. आणि सगळं एकत्र 'जरतरकथा' लिहिलं तर कोणी जरतारी वाचेल.