प्रवासात झोपेसाठी प्रोमेथाझिन?

एका सल्ल्यात 'दीड वर्षाच्या बाळाला बसमध्ये झोप लागावी म्हणून प्रोमेथाझिनचं सिरप अर्धा चमचा द्या, निरुपद्रवी आहे' असं लिहिलंय. कृपया देऊ नका. प्रोमेथाझिन हे ॲलर्जी आणि गाडी लागणे यांवरचं, गुंगी आणणारं औषध आहे. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये या औषधाने श्वास मंदावून मृत्यू झाले आहेत आणि डोस वजनानुसार मोजून दिला तरी हा धोका टळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. शिवाय काही मुलं झोपण्याऐवजी उलट चिडचिडी होतात, मग घाबरून दुसरा डोस दिला जातो. तो तर अजिबातच नको.

गाडी लागणाऱ्या मोठ्या मुलांसाठी त्याचा उपयोग आहे, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच, निघण्याआधी अर्धा ते एक तास, आणि बाटलीसोबतच्या मापानेच. घरातला चमचा कधी तीन मिलि, कधी सात. सर्दीच्या सिरपवर क्लोरफेनिरामिन (हेही गुंगी आणणारं औषध) लिहिलंय का तेही बघा. दोन्ही एकत्र दिली तर गुंगी आणखी वाढते. मूल हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.