हिस्टामिन एकटं नसतं

'ॲलर्जीचाच दमा आहे, मग सेट्रिझिनने धाप का थांबत नाही?' हा प्रश्न रास्त आहे. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी अडवते ती फक्त हिस्टामिनला, आणि ॲलर्जीत शरीर जी रसायनं सोडतं त्या टोळीतला हिस्टामिन हा एकच गडी. मास्ट पेशी (ही रसायनं सोडणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) डिवचल्या की तो मिनिटांत बाहेर पडतो खरा, पण श्वासनळ्या आवळायचं काम ल्युकोट्रिन्स ही त्याच टोळीतली रसायनं त्याच्यापेक्षा कितीतरी पट जोरात आणि जास्त वेळ करतात. १९४० च्या सुमारास त्यांचा फक्त परिणाम ठाऊक होता. ल्युकोट्रिन हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये दिलं. माँटेलुकास्ट हे दम्याचं औषध अडवतं ते या ल्युकोट्रिन्सनाच. (मुलांना देत असाल तर झोप आणि चिडचिडीकडे लक्ष ठेवा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला.)

ॲस्पिरिनने काहींचा दमा उसळतो, त्यामागेही हेच. ॲराकिडोनिक आम्ल या कच्च्या मालापासून प्रोस्टाग्लँडिन्स आणि ल्युकोट्रिन्स दोन्ही बनतात; ॲस्पिरिनने पहिली वाट बंद झाली की त्याचा ओघ ल्युकोट्रिन्सकडे वळतो.

तरी पहिला मान इनहेलरमधल्या स्टिरॉइडचाच. ते एकेका रसायनामागे न धावता मूळ सूजच उतरवतं. 'पंपाची सवय लागते' म्हणत तो टाळणारे आणि नुसत्या गोळ्यांवर वर्षं काढणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. आमच्याही घरात एक आहेत, सांगून थकलो.