रोजच्या व्यवहाराचं खातं: नागरी बँक की पतसंस्था? (सोलापूर)

चार_माग
अशोक चौकाजवळ टॉवेलचं जॉबवर्क आहे. घरखर्च, आठवड्याची मजुरी, सूतवाल्याचे चेक, लाइट बिल हे सगळं एका खात्यातून करायचंय. तीन ठिकाणं डोळ्यासमोर आहेत. एका नागरी सहकारी बँकेत ३ टक्के आणि स्वतःचं अ‍ॅप. दुसरीत साडेतीन टक्के, पण यूपीआय नाही. तिसरी गल्लीतली पतसंस्था, बचतीवर ५ टक्के देते आणि पिग्मीवाला (रोजची छोटी बचत गोळा करणारा एजंट) दारात येतो. खात्यात सरासरी ३० हजार राहतात, शिवाय ६ लाखांची ठेव ठेवायची आहे. कुठं उघडू?

ताळेबंद_वाचक
मालक, आधी ५ टक्क्यांचा हिशोब करा. ३० हजारांवर ३ टक्क्यांनी वर्षाला ९०० रुपये, ५ टक्क्यांनी १५००. म्हणजे महिन्याला ५० रुपयांचा फरक. तोही व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं तरच. बँकांना १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज द्यावं लागतं. पतसंस्थेला विचारा, १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक धरता का? तसं असेल तर मजुरी वाटल्यावर खात्यात ४ हजार उरले की व्याज त्या ४ हजारांवरच. वर्षाचे झाले २०० रुपये. बोर्डावरचे ५ टक्के बोर्डावरच राहतात.

खरा फरक विम्याचा आहे. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा कंपनी) संरक्षण आहे: ४ फेब्रुवारी २०२० पासून माणशी, बँकेमागे ५ लाख, मुद्दल आणि व्याज धरून. सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा, आणि तुम्ही त्या बँकेचं काही देणं लागत असाल तर ते त्यातून वळतं होतं. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. “आमचा पैसा मोठ्या बँकेत असतो” असं काउंटरवर सांगतील. असू दे की. पण ती बँक बुडाली तर विम्याच्या हिशोबात पतसंस्था हा एकच ठेवीदार, सगळ्या सभासदांचे मिळून ५ लाख.

हे पुस्तकी नाही. आपल्याच गावातल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला.

तेव्हा दोन्ही बँकांचे वार्षिक अहवाल मागा. सभासद नसलात तरी ताळेबंद शाखेत लावलेला असतो. सीआरएआर (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) १२ टक्क्यांच्या वर हवा. निव्वळ एनपीए (थकीत कर्जं, तरतूद वजा करून) ३ टक्क्यांच्या आत हवा, पण तेवढ्यावर थांबू नका, शेजारचा ढोबळ एनपीए (तरतूद वजा न करता) बघा. ढोबळ १४ आणि निव्वळ शून्य म्हणजे तरतूद केली हे चांगलं, पण कर्जवाटप कसं चाललंय तेही त्यातच कळलं. मालमत्तेच्या बाजूला “एनपीए कर्जावरील येणे व्याज” आणि देण्याच्या बाजूला तेवढीच थकीत व्याजाची तरतूद दिसेल. हा आकडा दरवर्षी फुगत असेल तर जुनी थकबाकी वसूल होत नाहीये. पतसंस्थेच्या ताळेबंदात ही समोरची तरतूद आहे का ते मुद्दाम शोधा. नसेल तर न आलेलं व्याज नफ्यात धरलंय आणि त्यातूनच लाभांश वाटलाय. ऑडिट वर्ग ‘अ’ लिहिलेला असला तरी हे बघाच.

क्लिअरिंग_काउंटर
वरचं सगळं बरोबर, पण तुमचं दुखणं चेक आणि यूपीआयचं आहे.

पासबुकवरचा आयएफएससी (शाखेचा कोड) बघा. पहिली चार अक्षरं त्या बँकेची स्वतःची आहेत की दुसऱ्याच बँकेची? दुसऱ्याची असतील तर पैसे त्या प्रायोजक बँकेमार्फत येतात. पैसे अडकले की शाखा म्हणणार “वरून आलं नाही”, आणि वरच्या बँकेत तुमचं खातंच नसतं. पतसंस्था स्वतःच्या नावावर चेकबुक देऊच शकत नाही. कुठं दिसलं तर तो तिच्या बँकेतल्या खात्याचा चेक असतो. सूतवाला तो घेईलच असं नाही.

यूपीआय आहे का हे शाखेत विचारू नका. भीम अ‍ॅपच्या यादीत नाव शोधा, असेल तर आहे.

आणखी एक. जॉबवर्कचे पैसे बचत खात्यात फिरवू नका, ते धंद्यासाठी नसतंच. उद्यम नोंदणी दाखवून चालू खातं काढा, व्याज शून्य मिळेल. घरचं बचत खातं वेगळं. मजुरी आणि सूत चालू खात्यातून गेलं की बचतीची शिलकही टिकते.

वेस_पिग्मी
पतसंस्थेला एवढं झोडपू नका. सोनं तारण ठेवून तासाभरात पैसे देणारी तीच असते. फक्त रोजचं खातं तिथं नको, एवढं मान्य. पिग्मी लावायची तर एजंटच्या हातातल्या कार्डावरची सही म्हणजे भरणा नव्हे. ऑफिसच्या खतावणीत नोंद चढली तरच तो भरणा. रोज मशिनची पावती घ्या आणि महिन्यातून एकदा पासबुक ऑफिसातच भरून आणा. घोळ होतो तो इथंच. मुदतीआधी मोडली तर किती कापणार हेही आधीच लिहून घ्या. आणि सभासद होताना घेतलेला शेअर म्हणजे ठेव नव्हे, तो मागितल्या दिवशी परत मिळत नाही.

चार_माग
चालू आणि बचत, दोन्ही अ‍ॅपवाल्या बँकेत काढतो. ६ लाख कसे ठेवू? बायकोचं नाव घालायचंय.

ताळेबंद_वाचक
साडेचार लाख तुमच्या एकट्याच्या नावे. ७ टक्क्यांनी वर्षाअखेर व्याजासकट ४ लाख ८२ हजारांच्या आसपास होतात, वर बचतीतले थोडे धरायला जागा उरते. (एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर चालू खात्यातली शिल्लकही तुमच्याच ५ लाखांत धरतात, म्हणून ती जास्त राहत असेल तर ठेव ४ लाखांवर आणा.) उरलेले वहिनींच्या नावे किंवा दोघांच्या संयुक्त नावे. संयुक्त ठेवीची मर्यादा वेगळी मोजतात, आणि नावांचा क्रम उलटा केला तर तीही वेगळी.

क्लिअरिंग_काउंटर
आणि एक खातं दुसऱ्या कुठल्यातरी बँकेत, हजार-दोन हजार टाकून, आधार जोडून चालू ठेवा. रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले तर विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळायची तरतूद २०२१ पासून आहे, पण त्यासाठी केवायसी पूर्ण लागते, संमती अर्ज भरावा लागतो आणि पैसे घ्यायला दुसरं खातं लागतं. हप्त्यांची मँडेटही (हप्ता आपोआप कापायची परवानगी) त्या दुसऱ्या खात्यावर लावलेली बरी. खातं गोठलं की पहिल्यांदा हप्ता बाउन्स होतो.