विमानाचे उपकार आणि खसखशीविना अनारसे

खळ्यातली (वेंगुर्ला)
सासूबाई सत्तरीच्या, मुंबईसुद्धा दोनदाच बघितलेली. नणंद शारजाला बाळंत झाली आणि म्हातारीने बॅग भरायला घेतली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मी बाहेर काढल्या, तेलामुळे पेट घेतात म्हणून विमानात चालत नाहीत. खसखस तर तिकडे नेणंच गुन्हा. "खसखशीशिवाय अनारसो कसलो गो?" असं पुटपुटत तिने अनारसे नुसतेच तळले. चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला तर ही जमिनीवर पाय पसरून बसलेली, पायावर नातू, हातात तेलाची वाटी. बाळ बोंबलतंय आणि ही हसतेय. मी विमानाला हात जोडले. विमान म्हणजे श्रीमंतांची चैन म्हणणारे कुठे आहेत?

सड्यावरचो
हा बघा, इथे आहे. चैन म्हणत नाही, पण तुमची नणंद शारजाला गेली कशाने? आधी माणूस उचलून न्यायचा, मग महिनाभर भेट घडवायची आणि वर आभार आपणच मानायचे! चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मी गुरं चरताना बघितलीत. २०२१ च्या ऑक्टोबरात तिथे विमानतळ सुरू झाला. विमान गेलं की बाबा खळ्यात येऊन वर बघतात. आमचं कोणी त्यात नसतं.

शेवटचा डबा
सडोबा, विमान नव्हतं तेव्हा कोकणी माणूस घरी होता काय? गिरणीत होता! आजोबा आगबोटीने मुंबईला गेले. पावसात बोटी बंद. पणजी आषाढात गेली, पत्र पोचलं तेव्हा बारावं होऊन गेलेलं. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावली ती १९९८ ला, तोवर रात्रभर लाल डब्यात कंबर मोडायची.

सड्यावरचो
पत्र उशिरा पोचायचं, पण माणूस गणपतीक यायचोच. माझा भाऊ दोह्याला. फोनवर म्हणतो, "लागलं तर सकाळी निघून रात्री घरात." या भरवशावर ५ वर्षं आला नाही. लांब आहे म्हणून माणूस धडपडून यायचा. जवळ झालं आणि धडपडच संपली.

खळ्यातली (वेंगुर्ला)
तो भावाचा आळस. विमानाच्या माथी का मारता?

मस्कतकर
आळस नाही हो ताई, गणपतीत तिकिटाचे भाव बघितलेत कधी? कंपनी दोन वर्षांतून एकदा तिकीट देते आणि रजा द्यायची वेळ आली की साहेबाचं तोंड वाकडं. आई गेली तेव्हा पहिलं विमान रद्द झालं, दुसऱ्याला जागा मिळेपर्यंत रात्र गेली. अग्नी पुतण्याने दिला. मी राख सावडायला पोचलो. चुलता म्हणाला, "इलस मा? बस झाला." एवढ्यावर मी आजवर आहे. त्या रात्री तिकिटाच्या खिडकीपाशी शिव्याच दिल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

सड्यावरचो
पोचलात हे बरं झालं. भावाक हे वाचूक पाठवतंय. बाबा यंदा ८१ चे.

खळ्यातली (वेंगुर्ला)
पाठवाच. आमची म्हातारी २० तारखेला गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरते. काल फोन आला, नातवाचं काही सांगेल म्हटलं तर पहिलाच प्रश्न, "खसखस आणून ठेवलंस मा?"